मुंबईचा उंची वस्त्रांचा रस्ता : हॉर्नबी रोड ते दादाभाई नौरोजी मार्ग

मुंबईच्या फोर्ट भागात हुतात्मा चौकालगत उभी असलेली इस्माइल बिल्डिंग २०२५ च्या प्रारंभी व्यापारी वर्तुळात चर्चेचा विषय ठरली. २०१७ पासून या जुन्या इमारतीत ‘झारा’ या स्पॅनिश नाममुद्रेचे तयार कपड्यांचे मोठे दालन होते. ते बंद झाले आणि भारतीय वेशभूषाकारांचे महागडे कपडे विकणाऱ्या ‘पर्पल स्टाइल लॅब्ज’ या कंपनीने ती जागा भाड्याने घेतली. पाच वर्षांच्या या कराराची रक्कम सुमारे २०६ कोटी रुपये असल्याचे प्रसिद्ध झाले. हिशेब केल्यास सरासरी मासिक भाडे तीन कोटी रुपयांहून अधिक भरते.

ही इमारत ज्या रस्त्यावर आहे, तो डॉ. दादाभाई नौरोजी मार्ग. हुतात्मा चौकातून निघून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून महात्मा फुले मंडईपर्यंत, म्हणजे पूर्वीच्या क्रॉफर्ड मार्केटपर्यंत, जाणारा हा रस्ता रोज लाखो पावले झेलतो. लोकल गाडीतून उतरून कचेरीकडे घाईने चालणाऱ्या माणसाला डोक्यावरच्या दगडी कमानी क्वचितच दिसतात. तथापि, इंग्रजी अमदानीत ‘हॉर्नबी रोड’ या नावाने ओळखला जाणारा हा रस्ता पश्चिम भारतातील उंची कपड्यांच्या खरेदीचे अग्रगण्य ठिकाण होता.

मराठीत ‘लक्झरी’ म्हटले की आजही अनेकांच्या डोळ्यांसमोर रात्रीची खासगी आरामबस येते. कापडाच्या बाबतीत आपला जुना शब्द ‘उंची’. उंची वस्त्रांचा रस्ता कसा घडतो, तो का ओसरतो, पुन्हा का बहरतो आणि या चढउतारांत सामान्य पादचाऱ्याचे स्थान काय राहते, या प्रश्नांची उत्तरे या एका रस्त्याच्या इतिहासात सापडतात.

तट पडला, रस्ता रुंद झाला

जुन्या मराठीत फोर्टला ‘कोट’ म्हणत. इंग्रजांची मूळ वसाहत तटबंदीच्या आत होती आणि तिला अपोलो गेट, चर्चगेट व बाजारगेट असे तीन दरवाजे होते. आत दाटीची वस्ती, बाहेर मोकळे मैदान आणि त्यापलीकडे एतद्देशीयांचे शहर, अशी ही रचना होती. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, ही तटबंदी पाडण्यात आली.

या घटनेमागे कापसाचा मोठा हात होता. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. त्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे मोर्चा वळवला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपताच १८६५ मध्ये भाव कोसळले आणि अनेक सट्टेबाज व बँका बुडाल्या. परंतु तोपर्यंत नव्या शहराचा आराखडा जमिनीवर उतरू लागला होता. १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले. क्रॉफर्ड मार्केटची इमारत १८६९ मध्ये पूर्ण झाली. व्हिक्टोरिया टर्मिनसचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू होऊन १८८८ मध्ये संपले, तर महापालिकेची इमारत १८९३ मध्ये तयार झाली.

या इमारतींना जोडणारा रस्ता म्हणजे हॉर्नबी रोड. १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या विल्यम हॉर्नबी यांचे नाव त्याला मिळाले होते. एका टोकाला रेल्वे स्थानक, दुसऱ्या टोकाला बँका व कचेऱ्या आणि मध्ये रुंद, सरळ रस्ता. मोठ्या दुकानाला लागणाऱ्या सर्व गोष्टी येथे एकत्र आल्या. आगगाडीतून उतरणारा प्रवासी, बोटीने आलेला अधिकारी आणि कचेरीतून परतणारा व्यापारी या सर्वांची वाट याच रस्त्यावरून जात होती.

१८९६ चा नियम

मात्र हॉर्नबी रोडचे वैशिष्ट्य त्याच्या दुकानांइतकेच त्याच्या बांधणीत आहे. १८९६ मध्ये सरकारने या रस्त्यावरील इमारतींसाठी एक नियम लागू केला. प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूने, पादचाऱ्यांसाठी कमानींची आच्छादित वाट ठेवणे बंधनकारक करण्यात आले. वरचे मजले कोणत्या शैलीत बांधावेत याबाबत मालकांना बरीच मोकळीक राहिली. त्यामुळे येथे गॉथिक, नवअभिजात आणि इंडो-सारासेनिक अशा निरनिराळ्या शैलींच्या इमारती शेजारी शेजारी दिसतात. त्या सर्वांना एका सूत्रात ओवणारी गोष्ट म्हणजे तळाची कमानींची रांग.

या नियमाचे महत्त्व जाणण्यासाठी लंडनचे उदाहरण उपयुक्त ठरेल. वास्तुविशारद जॉन नॅश यांनी रीजंट स्ट्रीटच्या वळणदार भागात पादचाऱ्यांसाठी खांबांचा आच्छादित मार्ग उभारला होता. त्यामुळे दुकानांत अंधार येतो आणि आडोशाला नको ते लोक जमतात, अशा तक्रारी दुकानदारांनी केल्या. अखेर १८४८ मध्ये तो मार्ग पाडण्यात आला. त्यानंतर अर्ध्या शतकाने मुंबईत नेमका उलटा निर्णय झाला. येथे वर्षातील चार महिने पाऊस कोसळतो आणि उरलेल्या काळात ऊन तापते. खरेदीदाराला दुकानापर्यंत कोरडे पोहोचवायचे असेल, तर कमानीला पर्याय नव्हता.

नियम करताना सत्ताधाऱ्यांच्या मनात प्रामुख्याने साहेब आणि मडमा असतील, असे मानण्यास जागा आहे. परंतु कमानीला दार नसते. कापड न्याहाळणाऱ्या मडमेच्या डोक्यावर जी सावली होती, तीच हमालाच्या, टपालवाल्याच्या आणि पावसात अडकलेल्या शाळकरी मुलाच्या डोक्यावरही आली. खासगी इमारतीच्या तळातून सार्वजनिक वाट काढणारा हा नियम या रस्त्याचा सर्वांत टिकाऊ वारसा ठरला आहे.

सभासदांचे दुकान आणि रोखीचे दुकान

त्या काळच्या मोठ्या दुकानांत दोन तऱ्हा दिसतात. पहिली तऱ्हा ‘आर्मी अँड नेव्ही’ची. १८७१ मध्ये लंडनमध्ये लष्करी आणि नौदल अधिकाऱ्यांनी ही सहकारी संस्था स्थापन केली. सभासदांना चांगला माल वाजवी दरात मिळावा, हा तिचा हेतू होता. मुंबईतील तिचे भांडार १८९१ मध्ये सुरू झाले. काळा घोडा भागात तिची भव्य इमारत आजही उभी आहे. जाडजूड सूचिपत्रातून माल निवडून तो टपालाने मागवण्याची सोयही या संस्थेने रूढ केली. दूरच्या छावणीत राहणाऱ्या अधिकाऱ्याच्या घरी अशा रीतीने विलायती पोशाख पोहोचू लागला. येथे गिऱ्हाईक कोण, हे मुळात सभासदत्वाने ठरत असे.

दुसरी तऱ्हा ‘व्हाइटवे, लेडलॉ अँड कंपनी’ची. १८८२ मध्ये कोलकात्यात सुरू झालेल्या या कंपनीच्या शाखा पुढे पूर्वेकडील अनेक शहरांत पसरल्या. मुंबईत तिचे दालन हॉर्नबी रोडवर होते. ही कंपनी उधारीवर माल देत नसे. तिच्या नावाशी यमक जुळवून ‘ताबडतोब, आणि पैसे मोजून’ अशा अर्थाचे टोपणनाव गोऱ्या वस्तीत प्रचलित झाले होते. मोठ्या साहेबांच्या उधारीच्या खात्यांवर चालणाऱ्या जुन्या दुकानांच्या तुलनेत ही पद्धत नवी होती. निश्चित किंमत आणि रोख व्यवहार असल्याने गिऱ्हाइकाच्या हुद्द्यापेक्षा त्याच्या हातातील पैशाला महत्त्व आले.

या रस्त्यापासून थोड्याच अंतरावर मूळजी जेठा मार्केट आणि मंगलदास मार्केट यांसारख्या कापडबाजारांत सौदा वेगळ्या रीतीने होई. तेथे गादीवर बसून ठाण उलगडायचे, हाताने पोत पाहायचा, भाव घासाघीस करून ठरवायचा आणि कापड शिंप्याकडे न्यायचे. हॉर्नबी रोडवर काचेआड सजवलेला तयार पोशाख असे. खरेदी न करताही तो पाहता येई. कमानीखालून जाणाऱ्या माणसाला काचेतून दिसणारे हे दृश्य म्हणजे आजच्या फॅशनच्या जाहिरातीचे पूर्वरूपच होय.

काळा घोडा परिसरातील वॉटसन्स हॉटेलचे मूळही कापडाशी जोडलेले आहे. त्याचे संस्थापक जॉन वॉटसन हे कापड व्यापारी होते. इंग्लंडहून लोखंडी सांगाडा आणून उभारलेल्या या इमारतीत ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलत्चित्रांचा खेळ झाला आणि हिंदुस्थानात सिनेमाचे आगमन झाले.

कापड हा राजकारणाचा विषय होतो

हॉर्नबी रोडवरील काचेआडचा माल बहुतांशी आयात केलेला होता. वंगभंगाच्या चळवळीतून स्वदेशीचा विचार देशभर पसरला, तेव्हा ‘कोणते कापड नेसावे’ हा प्रश्न आवडीपुरता उरला नाही. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेतून मुंबईत स्वदेशी मालाचे सहकारी भांडार १९०६ मध्ये सुरू झाले. ‘बॉम्बे स्टोअर’ या नावाने ते पुढे सर फिरोजशहा मेहता मार्गावर प्रसिद्ध झाले. विलायती दुकानांच्या मुलुखात, त्यांच्याच धर्तीवर सजवलेले देशी दुकान उभारून उत्तर देण्याचा हा प्रयत्न होता.

पुढे संघर्ष अधिक तीव्र झाला. ३१ जुलै १९२१ रोजी महात्मा गांधींनी परळ येथे परदेशी कापडाची मोठी होळी पेटवली. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात देश सेविका संघाच्या स्त्रियांनी मुंबईत परदेशी कापडाच्या दुकानांपुढे निरोधन केले. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाने भरलेला ट्रक अडवताना बाबू गेनू या गिरणी कामगाराला त्याच ट्रकखाली प्राण गमवावे लागले. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे त्यांचे गाव. ज्या रस्त्यावर हे बलिदान घडले, तो हॉर्नबी रोडच्या उत्तर टोकापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात हॉर्नबी रोडला दादाभाई नौरोजी यांचे नाव देण्यात आले. हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते, याची आकडेवारीसह मांडणी करणारा त्यांचा ग्रंथ १९०१ मध्ये प्रकाशित झाला होता. विलायती मालाच्या सर्वांत झगमगीत रस्त्याला संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत मांडणाऱ्या विचारवंताचे नाव मिळावे, यात इतिहासाचा एक न्याय आहे.

दुकानांतही असाच पालट झाला. ज्या इमारतीत व्हाइटवे लेडलॉचे दालन होते, ती पुढे मेट्रोपॉलिटन इन्शुरन्स हाउस म्हणून ओळखली जाऊ लागली आणि तेथे खादी भांडार आले. १९५४ पासून मुंबई खादी व ग्रामोद्योग संघ हे भांडार चालवत होता. उंच छत आणि लाकडी कपाटे यांच्या सहवासात सुताच्या जाडसर कापडाचे ठाण मांडले गेले. अनेक मराठी कुटुंबांनी सदऱ्याचे कापड आणि सतरंज्या येथूनच घेतल्या. जानेवारी २०२२ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने, खादी नसलेला माल खादीच्या नावाखाली विकल्याचा ठपका ठेवून या संघाचे खादी प्रमाणपत्र रद्द केले. उंची वस्त्र असो वा खादी, दोन्हींचे मूल्य अखेर अस्सलपणाच्या खात्रीवर उभे असते, याची ही आठवण होती.

याच रस्त्यावरील आनंद भवनाचाही उल्लेख आवश्यक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये स्थापन केलेले सिद्धार्थ महाविद्यालय या इमारतीत स्थिरावले. राज्यकर्त्यांच्या खरेदीसाठी आखलेल्या रस्त्यावर खेड्यापाड्यांतून आलेले, कुटुंबातील पहिलेच शिकणारे विद्यार्थी त्याच कमानीखालून वर्गात जाऊ लागले.

गोठलेले भाडे

स्वातंत्र्यानंतर या रस्त्याची झळाळी ओसरली. विलायती गिऱ्हाईक मायदेशी परतले आणि परकीय चलनाच्या टंचाईमुळे चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध आले. परंतु रस्त्याचे स्वरूप दीर्घकाळ ठरवणारे कारण आणखी एक होते. ते म्हणजे भाडे नियंत्रण कायदा.

मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ मध्ये झाला. महायुद्धानंतरच्या जागाटंचाईत भाडेकरूंना संरक्षण देणे हा त्याचा उद्देश होता. त्यानुसार ‘प्रमाण भाडे’ ठरवताना १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे आधार मानले गेले. कायदा तात्पुरता होता, पण त्याला वारंवार मुदतवाढ मिळाली. परिणामी, कोट्यवधींच्या मोक्याच्या जागेवरील दुकानाचे मासिक भाडे काही शे रुपयांवर थांबले. जागा हस्तांतरित करताना मोठी रक्कम हातोहात देण्याची ‘पागडी’ पद्धत रुजली.

याचे परिणाम दुहेरी झाले. एकीकडे चष्म्यांची, पेनांची, पुस्तकांची, शिवणकामाची, खेळाच्या सामानाची छोटी दुकाने पिढ्यान् पिढ्या टिकली आणि रस्ता सर्वांच्या खिशाला परवडणारा झाला. दुसरीकडे मालकाला इमारतीची डागडुजी करण्याइतके उत्पन्न उरले नाही. गच्चीतून पाणी झिरपू लागले, लाकडी तुळया कुजल्या, कमानींवर तारा आणि पाट्यांचे जाळे पसरले. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गोठलेल्या भाड्याची ही तरतूद काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे मत नोंदवले.

त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण कायम ठेवले आणि भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा दिली. मात्र बँका, सार्वजनिक उपक्रम, परदेशी व बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना या संरक्षणातून वगळण्यात आले.

सामान्य वाचकाला ही तरतूद रूक्ष वाटेल. परंतु आजच्या फोर्टचे कोडे तिच्यामुळेच उलगडते. एकाच रस्त्यावर, काही पावलांच्या अंतराने, एक दुकानदार नाममात्र भाडे भरतो आणि मोठी कंपनी बाजारभावाने कोट्यवधी मोजते. मालकाच्या दृष्टीने जुन्या भाडेकरूने जागा सोडावी आणि मोठी कंपनी यावी, यात प्रचंड लाभ असतो. उंची दुकाने फोर्टात परतण्यामागे आवडीनिवडींबरोबरच हे गणितही आहे.

हॉटेल, मॉल आणि दार

मधल्या काळात उंची फॅशन रस्ता सोडून आत गेली. २००३ मध्ये भारतात आलेल्या ‘लुई व्हिताँ’ने दिल्लीनंतर मुंबईत २००४ साली दुकान उघडले, ते ताजमहाल हॉटेलात. पंचतारांकित हॉटेलात वातानुकूलन, वाहनतळ, सुरक्षा आणि नेमके गिऱ्हाईक या चारही गोष्टी आयत्या मिळत. शासकीय धोरणानेही याच काळात वळण घेतले. एकाच नाममुद्रेच्या किरकोळ विक्रीत २००६ मध्ये ५१ टक्के, तर २०१२ मध्ये अटींसह १०० टक्के थेट परकीय गुंतवणुकीस परवानगी मिळाली.

हॉटेलापाठोपाठ मॉल आले. १९९९ मध्ये हाजी अलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ मॉल सुरू झाला. गर्दी आवरण्यासाठी तेथे काही काळ मोबाइल दूरध्वनी किंवा क्रेडिट कार्ड बाळगणाऱ्यांनाच मोफत प्रवेश होता, इतरांना शुल्क भरावे लागे. या नियमावर मोठी टीका झाली. पुढे लोअर परळ येथे फिनिक्स मिलच्या जागेवर ‘पॅलेडियम’ उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ज्या गिरणगावाचे भोंगे एकामागून एक थांबले, तेथेच परदेशी कपड्यांची दालने सजली. १ नोव्हेंबर २०२३ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात ‘जिओ वर्ल्ड प्लाझा’ ग्राहकांसाठी खुला झाला आणि जगातील अनेक महागड्या नाममुद्रा एका छताखाली आल्या.

मॉल आणि रस्ता यांतील मुख्य फरक दाराचा आहे. मॉलमध्ये कोणी यावे, कोठे बसावे, हे मालक ठरवतो. रस्त्यावर असा अधिकार कोणालाही नसतो.

पुन्हा फोर्टात

फोर्टमध्ये उंची वस्त्रे परतण्याची सुरुवात परदेशी कंपन्यांपूर्वीच झाली होती. १९८७ मध्ये तरुण ताहिलियानी यांनी रोहित खोसला आदी सहकाऱ्यांसह ‘आँसाँब्ल’ हे दुकान सुरू केले. लायन गेटसमोरच्या जुन्या ग्रेट वेस्टर्न इमारतीतील हे दुकान अनेक भारतीय वेशभूषाकारांचे काम एकत्र विकणारे देशातील पहिले दुकान मानले जाते. त्याआधी भारतात चांगला शिंपी असे, विणकर असे, पण वेशभूषाकाराचे नाव कपड्यावर लागत नसे. ती प्रथा येथून रुजली.

२०११ मध्ये ‘एर्मेस’ या फ्रेंच कंपनीने होर्निमन सर्कल येथे दुकान उघडले. हॉटेल व मॉल सोडून थेट रस्त्यावर आलेले हे परदेशी उंची दुकान लक्षवेधी ठरले. त्याच वर्षी या कंपनीने भारतासाठी मोजक्या संख्येने साड्याही काढल्या. होर्निमन सर्कलची निवड इतिहासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण होती. १८७२ मध्ये पूर्ण झालेले हे वर्तुळ ज्या मैदानावर उभे आहे, तेथे पूर्वी निर्यातीसाठी कापसाच्या गासड्या रचल्या जात. १८४४ मध्ये हा कापूस व्यापार कुलाब्याला हलला. ज्या जागेवरून कच्चा कापूस जहाजावर चढत असे, तेथे युरोपचे तयार वस्त्र येऊन विसावले. २०२३ मध्ये कोलकात्याचे वेशभूषाकार सब्यसाची मुखर्जी यांनीही याच परिसरात, एका जुन्या बँकेच्या इमारतीत, आपले चार मजली दालन सुरू केले. यात भारतीय भरतकाम आणि विणकाम यांनाच उंची वस्त्राचे स्थान आहे, ही बाब नोंद घेण्याजोगी ठरते.

या पुनरागमनास वारसा जतनाच्या कामाने हातभार लावला. बृहन्मुंबईची वारसा नियमावली १९९५ मध्ये लागू झाली. त्यानंतर वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या पुढाकाराने दादाभाई नौरोजी मार्गाचा अभ्यास झाला. कमानी झाकणाऱ्या वेड्यावाकड्या पाट्या काढून त्या कमानींच्या आत, ठरावीक मापात बसवण्याचा आराखडा तयार झाला. दुकानदार आणि रहिवासी स्वतः सहभागी झाल्याने हे काम शक्य झाले. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. १९९९ पासून भरणाऱ्या काळा घोडा कला महोत्सवानेही या परिसरात पायी फिरण्याची गोडी निर्माण केली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि हुतात्मा चौक व छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही स्थानके प्रवाशांसाठी खुली झाली. उपनगरांतील ग्राहक आता वाहनतळाची चिंता न करता थेट या रस्त्यावर येऊ शकतो.

सावली कोणाची?

जगभरातील उंची रस्त्यांचा अनुभव सावध करणारा आहे. २०२४ मध्ये मिलानमधील व्हिया मोंतेनापोलिओने हा रस्ता भाड्याच्या दृष्टीने जगातील सर्वांत महागडा ठरला. असे रस्ते देखणे राहतात, त्यांची निगा उत्तम असते. परंतु भाडे परवडत नाही म्हणून भाजीवाला, चांभार, पुस्तकविक्रेता आणि अखेरीस रहिवासी तेथून निघून जातात. रात्री दुकाने मिटली की रस्ता ओस पडतो.

फोर्टमध्ये अद्याप तसे झालेले नाही. दादाभाई नौरोजी मार्गाच्या कमानींत मोबाइलची आवरणे, पट्टे, घड्याळे आणि जुनी नाणी विकणारे दिसतात. जवळच महात्मा गांधी मार्गावर मैदानाच्या कडेने तयार कपड्यांच्या गाळ्यांची रांग आहे. तिचे प्रचलित नाव ‘फॅशन स्ट्रीट’. शहरातील लाखो तरुणांसाठी फॅशनचा खरा रस्ता हाच राहिला आहे. कोट्यवधींच्या भाड्याचे दालन आणि घासाघीस करून शर्ट विकणारा गाळा यांत पायी काही मिनिटांचेच अंतर आहे.

मात्र कमानीखालील विक्री हा वादाचा विषय आहे. चालायला जागा उरत नाही, ही पादचाऱ्यांची तक्रार खरी आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचा प्रश्नही तितकाच खरा आहे. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार विक्रेत्यांचे सर्वेक्षण करून विक्री क्षेत्रे निश्चित करणे अपेक्षित आहे. कमानी मोकळ्या करण्याचे निमित्त करून रस्ता केवळ धनिकांसाठी राखला गेला, तर तो उपाय ठरणार नाही. त्याचप्रमाणे कमानी पूर्णपणे विक्रीने व्यापल्या, तर १८९६ च्या नियमाचा मूळ हेतूच पराभूत होईल. दालनाची पायरी, कुंड्या किंवा सुरक्षारक्षकाचा अडसर पुढे सरकवून वाट अडवणे हेही अतिक्रमणच होय, आणि ते झगमगीत असल्यामुळे सहसा नजरेत भरत नाही.

या परिसरात आलेली दुकाने पाहिली, तर आर्मी अँड नेव्ही गेले, व्हाइटवे लेडलॉ गेले, खादीचे वैभव ओसरले, झारा आले आणि आठ वर्षांत गेले. ज्या जागेचे भाडे आज महिन्याला तीन कोटींवर पोहोचले आहे, तेथेही उद्या दुसरे कोणी येईल. प्रत्येकाने आपापल्या काळातील ‘उंची’ची व्याख्या सोबत आणली आणि सोबत नेली. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकून आहे ती विनामूल्य सावली. म्हणून या रस्त्याच्या भवितव्याचा विचार करताना भाड्याच्या आकड्याबरोबर एक साधी कसोटीही लावावी लागेल. भर पावसात, छत्री नसलेला आणि खरेदीची ऐपत नसलेला माणूस हुतात्मा चौकातून बोरीबंदरकडे या कमानींखालून किती अंतर विनाअडथळा चालू शकतो? महापालिका, इमारतमालक, दालने आणि पथविक्रेते या चौघांनाही या प्रश्नाचे उत्तर मिळून द्यावे लागणार आहे.